दुर्मीळ स्पोर्ट्स कार, गोव्याचा पाऊस आणि 'गुंतवणूक': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो, आणि गाड्यांचा नाद कॉलेजपासून आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात आहेत हे कळल्यापासून काम आटोपून निघालेली माणसं दारात चपला घालता घालता थांबतात. "बागायतीचं भाट विकलं, पैसे आलेत. एफडीत घालून काय मिळणार? एखादी चांगली गाडी घेऊन ठेवली तर?" तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

स्पोर्ट्स कार खरोखर गुंतवणूक ठरू शकते का?

क्वचित. आधी हिशोब बघा, मग स्वप्न.

समजा गाडी रस्त्यावर यायला ५० लाख लागले. तेच ५० लाख ७ टक्क्यांनी दहा वर्षं एफडीत ठेवले आणि तुम्ही ३० टक्के कराच्या टप्प्यात असाल, तर कर आणि उपकर वजा जाता शेवटी हातात ८० लाखांच्या आसपास येतात. इकडे गाडीला विमा, सर्व्हिस, टायर, बॅटरी असं मिळून वर्षाला दोन लाख धरा. दहा वर्षांचे वीस लाख झाले. म्हणजे ५० लाखांची गाडी दहा वर्षांनी एक कोटीला विकली गेली, तर तुम्ही एफडीवाल्या शेजाऱ्याच्या बरोबरीला आलात. नफा त्याच्या पुढे सुरू होतो. आणि शेजाऱ्याला दहा वर्षांत एकदाही उंदराचा पिंजरा लावावा लागलेला नाही.

शिवाय ५० लाखांतले सगळे काही गाडीचे नसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, त्यावर रस्ता कर, विमा. दुसऱ्या दिवशी विकायला काढलीत तर यातला रुपयाही वेगळा परत मिळत नाही. कर्ज काढून घेणार असाल तर हा प्रश्न इथेच संपला. पुढचं वाचू नका.

मग ज्यांच्या किमती वाढल्या, त्या कशामुळे?

कारण त्या गाडीत जे होतं ते नंतर मिळायचं बंद झालं, आणि ते हवं असणारी पैसेवाली माणसं मात्र शिल्लक राहिली. दोन्ही गोष्टी एकदम लागतात.

लेक्सस एलएफए घ्या. २०१० ते २०१२ या काळात फक्त ५०० बनल्या. यामाहाच्या मदतीने केलेलं ४.८ लिटरचं व्ही-१० इंजिन, टर्बो नाही. नवी असताना किंमत ३,७५,००० डॉलर होती आणि लेक्ससला एवढे पैसे कोण देतो म्हणून काही गाड्या अमेरिकेतल्या शोरूममध्ये वर्षानुवर्षं पडून राहिल्या. आज तसं इंजिन कोणी बनवत नाही, आणि तीच गाडी लिलावात मूळ किमतीच्या दुपटीपुढे जाते.

आपल्याकडचं उदाहरण लहान आहे, पण जास्त शिकवणारं. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने पोलो जीटीआय आणली. भारतासाठी ९९ गाड्या, तीन दारं, १.८ लिटर टर्बो, किंमत जवळपास २६ लाख. पोलोला २६ लाख? लोक हसले. शेवटी किंमत २० लाखांच्या आसपास उतरवावी लागली तेव्हा कुठे त्या गेल्या. आता तिच्यासाठी लोक फोन नंबर शोधत फिरतात.

या दोन्हींत एक गोष्ट समान आहे: नवी असताना त्यांच्यामागे रांग नव्हती. ज्या गाडीसाठी आज रांग आहे, तिच्यात उद्याची वाढ बऱ्याचदा आजच वसूल करून घेतलेली असते.

मॅन्युअल गिअरची गाडी घेतली की झालं, असं म्हणतात.

बरंच खरं आहे, पण पोर्शे ९११ आरची गोष्ट लक्षात ठेवा. २०१६ साली ९९१ गाड्या काढल्या, ४ लिटरचं इंजिन आणि फक्त मॅन्युअल. त्या वेळच्या ९११ जीटी३ मध्ये मॅन्युअल मिळतच नव्हता, म्हणून ९११ आरच्या किमती काही महिन्यांत मूळ किमतीच्या कितीतरी पट झाल्या. पुढच्याच वर्षी पोर्शेने जीटी३ टुरिंग मॅन्युअलसह बाजारात आणली आणि ९११ आरची हवा गेली. मूळ किमतीत मिळवणारे तरीही फायद्यात राहिले. शिखरावर घेणाऱ्यांना कोणी विचारलं नाही.

'कंपनीने शंभरच आणल्या' म्हणजे दुर्मीळच ना?

शंभरच का आणल्या ते आधी बघा. परदेशात प्रमाणित झालेली उजव्या स्टिअरिंगची गाडी भारतात वेगळी चाचणी न करता आणायची मुभा आहे, एका कंपनीला वर्षाला २,५०० पर्यंत. त्या वाटेने कंपन्या १००-२०० गाड्या आणतात, 'सोल्ड आऊट' जाहीर करतात आणि पुढच्या वर्षी मन होईल तसं करतात. स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ च्या २०० गाड्या ३५.९९ लाखांना विकल्या. २०२५ मध्ये नवी ऑक्टाव्हिया आरएस ४९.९९ लाखांना, १०० गाड्या. त्याच वर्षी फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, पहिली खेप १५०. गाड्या उत्तम आहेत, मला तिन्ही आवडतात. पण जगभर हजारोंनी बनणारी गाडी आपल्याकडे शंभर आली, तर ती दुर्मिळता कंपनीच्या मर्जीतली आहे. कंपनीने ठरवलं तर उद्या आणखी शंभर बोटीतून उतरतील.

उलट खरी दुर्मीळ गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. १९९८ च्या सुमारास आलेली, भारतात बनलेली, दोन सीटची, फायबरच्या बॉडीची, उघड्या टपाची. इंजिन रेनोचं १.२ लिटर, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. शोधून सापडायची नाही. पण शोधतंय कोण? पुऱ्या देशात दहा गाड्या आणि घेणारे आठच, तर भाव पडतो. 'लिमिटेड एडिशन' म्हणून वेगळा स्टिकर आणि लाल शिलाईची सीट कव्हरं लावून विकतात त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

बुकिंग करून डिलिव्हरीच्या वेळीच नफ्यात विकता येईल का?

हा डाव जुना आहे. १९८८ मध्ये जॅग्वारने एक्सजे२२० दाखवली तेव्हा व्ही-१२ इंजिन आणि चारही चाकांना जोर, असं सांगितलं होतं. लोकांनी ५०,००० पौंड अनामत भरून रांग लावली, त्यांतल्या अनेकांना चालवायची नव्हतीच. १९९२ मध्ये हातात आली ती व्ही-६ टर्बो, जोर मागच्याच चाकांना, आणि तोवर मंदी आलेली. माणसं अनामत सोडवायला कोर्टात गेली. ३५० बनवायच्या ठरल्या होत्या, तीनशेही झाल्या नाहीत.

कंपन्याही आता शहाण्या झाल्यात. फोर्डने जीटी ही गाडी विकताना दोन वर्षं विकणार नाही असं लिहून घेतलं होतं, आणि कुस्तीपटू-अभिनेता जॉन सीनाने ती लवकर विकली तेव्हा २०१७ मध्ये त्याच्यावर दावा ठोकला. बुकिंगच्या कागदावर सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा.

आयात केलेली गाडी जास्त टिकते का भावाला?

तिच्या भावात एक मोठा फुगा असतो, तो शुल्काचा. महागडी तयार गाडी बाहेरून आणली की सीमाशुल्कच किमतीच्या शंभर टक्क्यांपलीकडे जातं. म्हणजे तिकडची ५० लाखांची गाडी इथे सव्वा-दीड कोटीची होते. ती किंमत तशीच राहील हे गृहीत धरून पुढचा गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देणार.

आता २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनमध्ये व्यापार करार झाला. त्यात ब्रिटनमधून येणाऱ्या ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलंय. ब्रिटिश स्पोर्ट्स कार मनात असेल तर हे डोळ्यांसमोर ठेवा. दिल्लीतल्या एका सहीने नवी गाडी स्वस्त झाली की गॅरेजमधली जुनी आपोआप उतरते, तिला ओरखडाही न पडता. माझ्या मते गुंतवणूक म्हणून गाडी घेणाऱ्याचा सगळ्यात मोठा धोका हा आहे, आणि दारात थांबलेला एकही माणूस मला याबद्दल विचारत नाही.

गोव्यात गाडी ठेवायची कशी?

इथे जरा बसून बोलू.

माझ्याकडे एक जुनी फियाट आहे. २०१९ च्या पावसाळ्यात मी तिला जूनच्या पहिल्या आठवड्यात पोर्चमध्ये लावलं, हँडब्रेक ओढला, वरून चांगलं जाड प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि शहाणपणा केल्याच्या समाधानात घरात गेलो. चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान आणायला गाडी लागली म्हणून कव्हर काढलं. स्टिअरिंगवर पांढरी बुरशी, सीट बेल्टवर हिरवी. दार उघडल्यावर जुन्या देवघरातल्या ओल्या सोवळ्यासारखा वास. बॅटरी मेलेली. मागचे ब्रेक शू ड्रमला असे चिकटलेले की गाडी ढकलली तर मागची चाकं न फिरता घसरत आली. आणि एअर फिल्टरच्या डब्यात काथ्या, वेफर्सच्या पाकिटाचे तुकडे आणि उंदराची चार गुलाबी पिल्लं. मेकॅनिकने आधी पिल्लं बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

दोष कव्हरचा होता. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ओल वरून कमी, जमिनीतून आणि हवेतून जास्त येते. हवा न जाणारं कव्हर ती आत कोंडतं. तेव्हापासून शिकलो ते असं: गाडी बंद खोलीत, खाली लादी किंवा रंगवलेलं काँक्रीट, तांबडी माती कधीच नको. खोलीत आर्द्रता शोषणारं यंत्र आणि भिंतीवर आर्द्रता दाखवणारं घड्याळ, काटा ५०-५५ टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. कव्हर सुती, श्वास घेणारं. हँडब्रेक सोडलेला, चाकांना लाकडी ठोकळे. बॅटरीला ट्रिकल चार्जर, म्हणजे हळूहळू चार्ज करत राहणारा. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, म्हणजे टायरला एकाच जागी चपटेपणा येत नाही. एक्झॉस्टच्या तोंडात जाळी, आणि स्टिअरिंगवर चिठ्ठी: 'जाळी काढ'.

समुद्रापासून किती आत आहात यावरही बरंच अवलंबून. कळंगुट-कोलव्याच्या पट्ट्यात खारी हवा बोल्ट आणि ब्रेक डिस्क खाते. फोंडा, सांगे, वाळपईकडे मीठ कमी, ओल जास्त. आणि माडाखाली गाडी लावू नका. गोंयकाराला हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण काच फुटलेल्या गाड्या दरवर्षी दिसतात.

या खोलीचा, यंत्राचा, विजेचा खर्च वरच्या दोन लाखांत धरलेला नाही.

चालवायची की नुसती ठेवायची?

चालवा. नुसती ठेवलेली गाडी आतून सुकते: रबरी सील आक्रसतात, ब्रेक ऑइल पाणी ओढतं. ते दर दोन वर्षांनी बदलायचंच. दर पंधरा दिवसांनी उघडीप बघून अर्धा तास, इंजिन आणि तेल नीट तापेपर्यंत. जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं हे न करण्यापेक्षा वाईट, कारण एक्झॉस्टमध्ये पाणी साचून राहतं. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरने भाव पडत नाही. फक्त गावातले रंबलर (रस्त्यावरचे वेग कमी करायचे उंचवटे) आधी पायी जाऊन बघून या.

पेट्रोलचं काय?

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी जूनमध्ये लावली तर टाकीत पाणी धरायला भरपूर जागा मिळते. टाकी भरून ठेवा, १०० ऑक्टेनचं मिळालं तर ते घाला, आणि तुमची गाडी किती टक्के इथेनॉलसाठी बनली आहे ते झाकणाच्या आत किंवा पुस्तकात बघा.

जुनी घेताना काय तपासू?

आधी कागद, मग गाडी. उलटं केलं की प्रेमात पडायला होतं.

चासी नंबर गाडीवर, आरसीवर आणि कंपनीच्या सर्व्हिस नोंदीत अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्काचा आयातीचा कागद मागा, झेरॉक्स नको. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने भूतानमार्गे आणलेल्या महागड्या गाड्यांवर 'नुमखोर' नावाची मोहीम काढली आणि गाड्या दारातून उचलून नेल्या. लक्षात घ्या, जप्त होते ती गाडी, मग तुम्ही पैसे मोजून घेतलेली का असेना. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवंच लागतं. 'मित्राने दुबईहून आणली' ही गोष्ट या दोन अटींत बसते का ते बघा, बरीचशी तिथेच गळून पडते.

दुसरी चावी, मूळ बिल, सर्व्हिसच्या पावत्या, डिकीतली हत्यारं. यांचे वेगळे पैसे पुढचा गिऱ्हाईक देतो.

मग रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊन फिरा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एका दारावर ४०० दिसलं तर तिथे लांबी भरली आहे. टायरच्या बाजूचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. 'फक्त चार हजार किलोमीटर' चाललेल्या २०१७ च्या गाडीला २०२२ चे टायर का लागले, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. किनाऱ्यावरची गाडी असेल तर लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय टोकनही देऊ नका.

दुसऱ्या राज्यात पासिंग स्वस्त पडतं, तसं करू का?

नको. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त गोव्यात राहिली की इथला नंबर घ्यावा लागतो. खोट्या पत्त्यावरच्या पासिंगचा डाग कागदावर राहतो आणि विकताना तोच बाहेर येतो.

विम्यात पूर्ण किंमत मिळते ना?

नाही, आणि हे ऐकून माणसं खुर्चीत सरळ होतात. विमा कंपनी गाडीची किंमत दरवर्षी उतरवते: दुसऱ्या वर्षी २० टक्के वजा, तिसऱ्या ३०, चौथ्या ४०, पाचव्या ५०. पाच वर्षांनंतर आपसात ठरवायची. तुमची गाडी बाजारात दीडपट झाली असेल, पण पाचव्या वर्षी नदीत गेली तर कागदावर ती निम्मीच आहे. पाच वर्षांनंतर वाढीव किमतीसाठी मूल्यांकन करून भांडायचं, आणि इंजिनात पाणी जाण्याचं वेगळं संरक्षण पहिल्या दिवसापासून घ्यायचं.

नफ्यावर कर लागतो का?

घरच्या वापराची गाडी ही वैयक्तिक वापराची वस्तू, ती भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. त्यामुळे विकून फायदा झाला तर भांडवली नफ्याचा कर नाही, आणि तोटा झाला तर तो कुठे वजाही करता येत नाही. पण 'वापराची' हा शब्द नीट वाचा. कधी चालवलीच नाही, दहा गाड्या घेतल्या आणि विकल्या, तर खातं याला धंदा म्हणू शकतं. कंपनीच्या नावावर घेऊन घसारा लावला असेल तर नफ्यावर कर आहेच. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का कर गोळा करतो, तो तुमच्या नोंदीत दिसतो. म्हणजे गाडी घेतल्याचं खात्याला तुमच्या सासऱ्याआधी कळतं. आणि विकताना दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, दंड तेवढ्याच रकमेचा असतो.

आता खास गोव्याचं. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. पगार सोडून बाकीचं उत्पन्न आयकरातही दोघांत निम्मं निम्मं वाटतात, आयकर कायद्यात त्यासाठी वेगळं कलमच आहे. म्हणजे 'माझी' गाडी कायद्याने अर्धी तिची. पुढे वारसांच्या इन्व्हेंटरीतही, म्हणजे वाटणीच्या यादीतही, ती येते. एकाने मला विचारलं, "बायकोला न सांगता घेतली तर?" म्हटलं, बाब, अर्धी गाडी तिने तुला न सांगता घेतली असं होईल.

पर्यटकांना भाड्याने देऊन खर्च काढू का?

खाजगी नंबरची गाडी भाड्याने देणं बेकायदा. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची परवान्याची गाडी वेगळी. आणि कायदेशीर असतं तरी, डिसेंबरात बागा किनाऱ्याच्या रस्त्यावर ती कोणाच्या हातात द्याल?

१५ वर्षांनी गाडी भंगारात जाते का?

गोव्यात नाही. दिल्लीचा नियम दिल्लीचा. फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढते. एप्रिल २०२२ मध्ये साध्या गाडीला ५,००० रुपये, आयात गाडीला ४०,००० रुपये शुल्क झालं; २० वर्षांवरच्या गाडीला ते २०२५ मध्ये आणखी वाढलं. ५० वर्षं झाली की 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद होते, पण मग ती रोज चालवता येत नाही.

विकायची वेळ आली की घेणार कोण?

बहुधा मुंबई, पुणे, बेंगळुरू किंवा हैदराबादचा माणूस. तो विमानाने मोपाला उतरेल, अर्धा दिवस गाडीखाली टॉर्च घेऊन झोपेल आणि मग म्हणेल, "जीए पासिंग आहे, माझ्या राज्यात परत कर भरायचा, तेवढे कमी करा." ते तो वजा करतोच, तुम्ही आधीच धरून चला. कर्ज असेल तर बोजा उतरवल्याची नोंद आणि परराज्यासाठी एनओसी यांत महिना जातो. घाईत विकावी लागली तर भाव तो ठरवतो. मुलीचं लग्न किंवा घराचं छप्पर ज्या पैशांवर अवलंबून आहे, ते पैसे यात घालू नका.

तुम्ही स्वतः कुठली घेतली?

पोलो जीटीआय किंमत उतरल्यावर बघायला गेलो होतो. दोनदा. घरी सहा माणसं आणि तिला दारं तीन, म्हणून परत आलो. आजही तो हिशोब बरोबर होता, आणि आजही चिडचिड होते.

माझ्याकडे आहे ती २००२ ची फियाट पालिओ १.६. शंभर हॉर्सपॉवर, नोंदणी दोनदा वाढवून घेतली, पुढची २०२७ मध्ये. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरचा एक पोरगा दारात येऊन तिच्यासाठी बरी रक्कम बोलला. मी म्हटलं, बायकोला विचारून सांगतो. आरटीओत तिची सही लागत नाही, पण त्याला काय माहीत?

ती आतून ओरडली, "विका की!" मी रेडिओचा आवाज वाढवला.